लाल डिझेल, जैवइंधन आणि छोट्या नौकांची कोंडी

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरून निघालेली एक छोटी शिडाची नौका इंग्लिश खाडी ओलांडून बेल्जियमच्या बंदरात येते. धक्क्यावर तिची तपासणी होते. नोंदणीची कागदपत्रे आणि पारपत्रे पाहून झाल्यावर सीमाशुल्क अधिकारी इंजिनाच्या टाकीतील थोडेसे डिझेल नमुन्यादाखल काढून घेतो. ते लाल निघाले, तर नौकामालकाला दंड भरावा लागतो. वास्तविक हे डिझेल त्याने मायदेशात उघडपणे, तेथील कायद्याने ठरवून दिलेला कर भरून आणि रीतसर पावती घेऊन विकत घेतलेले असते. तरीही बेल्जियमच्या बंदरांत ब्रिटिश नौकामालकांना असे दंड झालेले आहेत.

नौकेच्या टाकीतील डिझेलाचा रंग हा वरकरणी किरकोळ विषय वाटतो. परंतु गेल्या दोन दशकांत युरोपातील छोट्या नौकांचे मालक, त्यांच्या संघटना, ब्रिटनचे सरकार, युरोपीय आयोग आणि युरोपीय न्यायालय असे सारेच या वादात ओढले गेले आहेत. त्यातच जैवडिझेलाच्या मिश्रणाची भर पडली. स्वस्त आणि करमुक्त डिझेल कोठे व किती घ्यावे, हा पहिला प्रश्न. घेतलेले डिझेल टाकीत किती काळ टिकेल, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न आजवर स्वतंत्रपणे चर्चिले गेले. प्रत्यक्षात ते एकाच टाकीत एकत्र येतात आणि परस्परविरोधी दिशांना ओढतात. करातील तफावत मालकाला डिझेल साठवून ठेवण्यास प्रवृत्त करते, तर जैवडिझेलाचा गुणधर्म ते साठवू देत नाही. या कोंडीचा नीट विचार युरोपातही झालेला नाही आणि भारताच्या किनाऱ्यावरही तो लवकरच करावा लागणार आहे.

रंगामागील हिशेब

ब्रिटनमध्ये सवलतीच्या दराने विकल्या जाणाऱ्या डिझेलात लाल रंग आणि त्याच्या जोडीला रासायनिक खुणेची द्रव्ये मिसळतात. शेतीचे ट्रॅक्टर, मासेमारी नौका आणि काही ठरावीक कामे यांसाठी हे डिझेल असते. ते मालमोटारीत किंवा मोटारीत भरणे हा गुन्हा आहे. रस्त्यावर तपासणी करणाऱ्याला टाकीतील रंग पाहून करचुकवेगिरी ओळखता यावी, एवढाच या रंगाचा मूळ हेतू होता. युरोपीय संघातही अशीच एक समान खूण ठरवण्यात आली. ‘सॉल्व्हंट यलो १२४’ या नावाचे ते द्रव्य २००२ पासून सदस्य देशांतील सवलतीच्या डिझेलात मिसळले जाऊ लागले.

दोन दरांतील फरक मोठा आहे. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने इंधनावरील शुल्कात कपात केली. त्या वेळी डिझेलावरील पूर्ण शुल्क लिटरमागे ५७.९५ पेन्सवरून ५२.९५ पेन्स झाले आणि लाल डिझेलावरील सवलतीचे शुल्क ११.१४ पेन्सवरून १०.१८ पेन्सवर आले. म्हणजे दर लिटरमागे फरक ४२.७७ पेन्सचा. दूरच्या प्रवासाला जाणाऱ्या नौकेची टाकी ४०० लिटरची धरली, तर केवळ शुल्कातील फरक सुमारे १७१ पौंड होतो. मूल्यवर्धित कराचा हिशेब याहून वेगळा. हौशी मालकाला एवढी रक्कम नगण्य वाटणार नाही. कालव्यातील नौकेतच घर करून राहणाऱ्या कुटुंबाला तर ती मुळीच नगण्य नाही.

ब्रिटनच्या कालव्यांवर अरुंद, लांबट नौकांमधून कायमचे वास्तव्य करणारे लोक आहेत. घरांच्या किमती परवडत नाहीत म्हणून यांतील अनेकांनी पाण्यावर संसार मांडला. त्यांच्या नौकेतील डिझेल इंजिन चालवते, विजेचे घट भरते आणि हिवाळ्यात खोली उबदार ठेवते. ‘खासगी आनंदनौका’ या कायदेशीर संज्ञेत श्रीमंताची आलिशान यॉट आणि ही तरंगती घरे दोन्ही एकत्र मोडतात. या वादातील पुष्कळशी गुंतागुंत या एका संज्ञेतून निर्माण झाली आहे.

ब्रिटन आणि युरोपीय संघ

युरोपीय संघाचा ऊर्जा करविषयक निर्देश २००३ चा. १ जानेवारी २००४ पासून तो अमलात आला. संघाच्या सागरी हद्दीत व्यापारी नौकानयनासाठी, मासेमारीसह, वापरल्या जाणाऱ्या इंधनाला त्याने करमाफी दिली. मात्र खासगी आनंदनौकांना त्यातून वगळले. ब्रिटनला यात काही काळ सूट होती. ती ३१ डिसेंबर २००६ रोजी संपली. त्यानंतर १ नोव्हेंबर २००८ पासून ब्रिटिश नौकामालकांना इंजिन चालवण्यासाठी लागणाऱ्या डिझेलावर पूर्ण शुल्क भरणे बंधनकारक झाले. घरगुती वापराच्या, म्हणजे खोली गरम करणे, वीजनिर्मिती यांसाठीच्या डिझेलावरील सवलत कायम राहिली.

पण एकाच टाकीतून इंजिन चालते आणि खोलीही गरम होते. मग हिशेब कसा करायचा? यावर ब्रिटनने एक व्यवहारी तोडगा काढला. साठ टक्के डिझेल इंजिनासाठी आणि चाळीस टक्के घरगुती वापरासाठी, अशी सर्वसाधारण विभागणी मान्य करण्यात आली. मालकाने पंपावर तसे घोषणापत्र भरावे आणि विक्रेत्याने साठ टक्के भागावर पूर्ण शुल्क वसूल करून सरकारजमा करावे, अशी ही पद्धत आहे. वरील ४०० लिटरच्या उदाहरणात त्यामुळे सवलत १६० लिटरपुरतीच उरते आणि बचत सुमारे ६८ पौंडांवर येते. डिझेलाचा रंग मात्र लालच राहिला, कारण लहान बंदरांत मासेमारी नौकांसाठी आणि हौशी नौकांसाठी दोन वेगळ्या टाक्या व दोन वेगळे पंप उभारणे विक्रेत्यांना परवडणारे नव्हते.

वादाचे मूळ येथेच आहे. ब्रिटनच्या दृष्टीने कर भरला गेला होता, म्हणून रंगाला महत्त्व नव्हते. युरोपीय आयोगाच्या दृष्टीने रंग हीच करसवलतीची खूण होती. पूर्ण कर भरलेल्या डिझेलात ती खूण असता कामा नये. अखेर प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांविरुद्ध निकाल दिला. ज्या डिझेलाला करसवलत नाही, त्यात सवलतीची खूण ठेवू देणे हा नियमभंग आहे, असे त्या निकालाचे सार होते.

दरम्यान राजकारण बदलले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि त्याच वर्षअखेरीस संक्रमणकाळ संपला. उत्तर आयर्लंडला लागू झालेल्या वेगळ्या व्यवस्थेमुळे तेथे न्यायालयाचा निकाल अमलात आणणे भाग पडले. १ ऑक्टोबर २०२१ पासून उत्तर आयर्लंडमध्ये खासगी आनंदनौकांचे इंजिन लाल डिझेलावर चालवण्यास मनाई झाली. १ एप्रिल २०२२ पासून ब्रिटनने बांधकामासह अनेक क्षेत्रांची लाल डिझेलाची सवलत काढून घेतली. पण इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील खासगी नौकांना जुन्या पद्धतीने लाल डिझेल वापरण्याची मुभा राहिली. अशा रीतीने एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर दोन नियम झाले. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून काही तासांत उत्तर आयर्लंड गाठणाऱ्या मालकाला आपल्या टाकीतील डिझेल कोठे, केव्हा आणि कोणत्या दराने घेतले, याची पावती जपून ठेवावी लागते. टाकी रिकामी करून पांढरे डिझेल भरले, तरी तळाशी उरलेल्या अंशामुळे रंग पुढील काही भरणांपर्यंत दिसत राहतो. अशा वेळी पावती हाच एकमेव बचाव असतो.

स्वस्त डिझेलाची बंदरे

युरोपच्या किनाऱ्यावर काही ठिकाणे करव्यवस्थेच्या कडेला वसलेली आहेत. इंग्लिश खाडीतील गर्न्सी आणि जर्सी ही बेटे ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असली, तरी ब्रिटनच्या इंधनशुल्काच्या आणि मूल्यवर्धित कराच्या कक्षेबाहेर आहेत. भूमध्य समुद्राच्या तोंडाशी असलेले जिब्राल्टर हे तर जहाजांना इंधन पुरवणारे जगप्रसिद्ध बंदर. या ठिकाणी डिझेल स्वस्त मिळते. साहजिकच फ्रान्सच्या किनाऱ्याकडे निघालेला इंग्रज नौकामालक वाटेत सेंट पीटर पोर्टला टाकी भरून घेतो आणि अटलांटिक ओलांडण्याच्या तयारीत असलेला प्रवासी जिब्राल्टरला थांबतो.

यात बेकायदेशीर असे काही नाही. तिसऱ्या देशातून येणाऱ्या प्रवाशांसाठी युरोपीय संघाने २००७ मध्ये केलेल्या निर्देशानुसार वाहनाच्या मूळ टाकीतील इंधन आणि सुट्या डब्यातील जास्तीत जास्त १० लिटर इंधन करमुक्त आणता येते. म्हणजे टाकी कितीही मोठी असली तरी ती भरून आणण्यास हरकत नाही; डेकवर डबे बांधून आणले की मात्र प्रश्न उद्भवतो. नियमाची ही रचना पाहिली, की मालकाची वागणूक सहज समजते. स्वस्त बंदरात टाकी काठोकाठ भरायची आणि ते डिझेल शक्य तेवढे पुरवायचे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

अर्थात करभिन्नतेवर उभे असलेले व्यवहार कायमचे नसतात. जिब्राल्टरच्या भवितव्याबाबत ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात ११ जून २०२५ रोजी राजकीय समझोता झाला आणि त्यात सीमाशुल्क संघाची तरतूद करण्यात आली. युरोपीय आयोगाने १४ जुलै २०२१ रोजी ऊर्जा करनिर्देशात दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला होता. सागरी आणि मासेमारी इंधनाची दीर्घकालीन करमाफी टप्प्याटप्प्याने संपवावी, असा त्याचा रोख होता. करविषयक निर्णयांना सर्व सदस्य देशांचे एकमत लागत असल्याने तो वर्षानुवर्षे रखडला. तरी वाऱ्याची दिशा स्पष्ट आहे. समुद्रावरचे इंधन करातून मोकळे असावे, ही जुनी धारणा सैल होत चालली आहे.

टाकीत वाढणारा जीव

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. युरोपात पंपावर मिळणाऱ्या डिझेलाच्या मानकानुसार त्यात सात टक्क्यांपर्यंत जैवडिझेल मिसळता येते. हे जैवडिझेल म्हणजे वनस्पती तेलापासून, प्राणिज चरबीपासून किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून तयार केलेले मेदाम्लांचे मिथाइल एस्टर. ब्रिटनमध्ये वाहतुकीच्या इंधनात नूतनक्षम भाग मिसळण्याचे बंधन एप्रिल २००८ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ २०११ पासून आनंदनौकांच्या डिझेलातील गंधकाचे प्रमाण जवळजवळ शून्यावर, म्हणजे दशलक्ष भागांत दहा भाग इतके खाली आणण्याचा युरोपीय नियम आला. त्यामुळे बंदरांवरील लाल डिझेल आणि रस्त्यावरील डिझेल यांच्या पुरवठासाखळ्या एकमेकींच्या जवळ आल्या आणि नौकांच्या टाक्यांत जैवडिझेल येऊन पोचले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलाचा वंगणगुण कमी होतो आणि जैवडिझेल तो भरून काढते, हा या बदलाचा एक लाभही आहे.

मोटारीच्या बाबतीत सात टक्के मिश्रणाने फारसे काही बिघडत नाही. मोटारीची टाकी आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होते आणि पुन्हा ताज्या डिझेलाने भरते. नौकेची गोष्ट वेगळी आहे. उत्तर युरोपातील बहुसंख्य हौशी नौका ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत उभ्याच असतात. शिडाच्या नौकेचे लहान इंजिन ताशी तीन-चार लिटर डिझेल घेते. ते बहुधा बंदरात शिरताना आणि बाहेर पडतानाच चालते. वर्षात शंभर तासही इंजिन न चालवणारे मालक पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत ४०० लिटरची भरलेली टाकी वर्षभर पुरून उरते.

एवढ्या काळात काय घडते? जैवडिझेल खनिज डिझेलापेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषून घेते. समुद्रावरील दमट हवा टाकीच्या वायुनळीतून आत शिरते, रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर तिचे थेंब जमतात आणि तळाशी पाण्याचा थर साचतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढू लागतात. नौकामालक याला ‘डिझेल बग’ म्हणतात. त्यातील एक प्रमुख बुरशी ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ या नावाने ओळखली जाते. तिचा काळपट, बुळबुळीत गाळ तळाशी बसून राहतो. दुसरीकडे हवेतील प्राणवायूमुळे जैवडिझेलाचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ले आणि चिकट द्रव्ये तयार होतात. तांबे, पितळ, जस्त यांचा संपर्क असेल तर ही क्रिया वेगाने होते. जैवडिझेल हे चांगले विद्रावकही आहे. जुन्या टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे बसलेला मळ ते सोडवते आणि जुन्या रबरी नळ्या व वळी फुगवते किंवा मऊ करते.

हा गाळ टाकीत स्थिर असेपर्यंत मालकाला त्याचा पत्ता नसतो. नौका उसळत्या समुद्रात डोलू लागली, की तो ढवळला जातो, फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन बंद पडते. ही वेळ बहुधा सर्वांत अडचणीची असते. वारा अंगावर आलेला, शिडे उतरवलेली, बंदराचे तोंड समोर आणि दोन्ही बाजूंना खडक. ब्रिटनमधील स्वयंसेवी जीवरक्षक नौका ज्या कारणांसाठी नेहमी समुद्रात उतरतात, त्यांत हौशी नौकांचे यंत्र बंद पडणे हे एक परिचित कारण आहे. करातून वाचलेले ६८ पौंड आणि खडकावर आपटलेली नौका यांची तुलना करताच या विषयातील खरे मोल ध्यानात येते.

कोंडी कोठे आहे

स्वच्छ टाकीसाठी जाणकार दोन सल्ले देतात. पहिला असा, की हिवाळ्यात टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही आणि पाण्याचे थेंब कमी जमतात. दुसरा असा, की जैवडिझेलमिश्रित इंधन सहा महिने ते वर्षभरात वापरून संपवावे. खनिज डिझेलाच्या काळात पहिला सल्ला पुरेसा होता. जैवडिझेलाच्या काळात हे दोन सल्ले एकमेकांच्या आड येतात. टाकी भरावी तर इंधन जुने होते, रिकामी ठेवावी तर पाणी साचते.

या तांत्रिक पेचावर करव्यवस्था आणखी एक गाठ मारते. स्वस्त डिझेल मिळेल तेथे टाकी भरण्याचा मोह ती निर्माण करते आणि थोडे-थोडे, ताजे डिझेल घेण्याची सवय मोडते. घोषणापत्र, पावत्या, रंगाची भीती यांमुळे तर परदेशी बंदरात डिझेल घेणेच टाळावे, घरूनच भरून न्यावे, असे मालकाला वाटते. काही जण उलट करतात. लाल रंगाचा माग पुसून जावा म्हणून टाकीत पांढरे डिझेल पुन:पुन्हा मिसळत राहतात आणि त्यात जैवडिझेलाचा अंश किती, हे कोणालाच सांगता येत नाही. कराचा नियम अर्थखात्याने केला, मिश्रणाचा नियम वाहतूक आणि पर्यावरण खात्यांनी केला. दोन्ही नियम रस्त्यावरील वाहन डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. समुद्रावरील टाकी वर्षभर उभी राहते, ही साधी गोष्ट कोणाच्याच हिशेबात नव्हती.

सरकारांची बाजूही दुबळी नाही. आनंदासाठी समुद्रावर जाणाऱ्याने इंधनावर पूर्ण कर भरावा, ही मागणी रास्त आहे. सामान्य नोकरदार मोटारीसाठी पूर्ण दर मोजतो आणि यॉटच्या मालकाला सवलत मिळते, हे चित्र कोणत्याही लोकशाहीत टिकणारे नाही. जैवडिझेल पाण्यात सांडले तर खनिज डिझेलापेक्षा लवकर विघटित होते आणि जलचरांना कमी घातक ठरते, ही बाबही नौकाविश्वाने नाकारता कामा नये. प्रश्न तत्त्वाचा नसून अंमलबजावणीचा आहे.

अंमलबजावणीचे मार्गही उपलब्ध आहेत. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून तयार होणारे एचव्हीओ हे इंधन जैव स्रोतापासूनच मिळते. पण रासायनिकदृष्ट्या ते खनिज डिझेलाच्या जवळचे असल्याने पाणी धरून ठेवत नाही आणि दीर्घकाळ टिकते. त्याचा अडसर म्हणजे अधिक किंमत आणि तुटपुंजा पुरवठा. करसवलत द्यायचीच तर ती अशा टिकाऊ जैवइंधनाला द्यावी, म्हणजे पर्यावरण आणि सुरक्षितता यांचा मेळ बसेल. ते होईपर्यंत बंदरावरील प्रत्येक पंपावर जैवडिझेलाचे प्रमाण आणि साठा कधी आला याची तारीख ठळकपणे लावणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. काही विक्रेते आपले डिझेल जैवडिझेलविरहित असल्याची जाहिरात करतात आणि ग्राहक ते शोधत लांबवर जातात, यावरूनच या माहितीची गरज किती आहे ते दिसते.

भारतीय किनाऱ्याचा धडा

भारतात हौशी यॉटची संख्या मर्यादित आहे. पण सवलतीच्या डिझेलावर उभा असलेला नौकाविश्वाचा पसारा येथे फार मोठा आहे. तो मच्छीमारांचा आहे. ससून डॉकपासून रत्नागिरी, मालवणपर्यंत यांत्रिक नौकांच्या एका फेरीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा डिझेलाचा असतो. डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत नाही. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना हा राज्य कर परताव्याच्या रूपाने परत मिळतो. आधी पूर्ण पैसे भरायचे आणि नंतर परताव्याची वाट पाहायची, अशी ही पद्धत आहे. परतावा रखडल्याची तक्रार किनाऱ्यावर नित्याची आहे. ब्रिटनने रंगाची वाट निवडली, महाराष्ट्राने कागदाची. पहिल्या वाटेवर दंडाची भीती आहे, दुसऱ्या वाटेवर भांडवल अडकण्याची.

जैवडिझेलाचे पर्वही येथे दूर नाही. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे स्वप्न पाहिले होते. मोगली एरंडाच्या लागवडीवर विसंबलेले ते स्वप्न साकारले नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने डिझेलात पाच टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले. प्रत्यक्ष मिश्रण त्या मानाने अल्प राहिले. पेट्रोलची वाटचाल मात्र वेगवान झाली. वीस टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठल्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन लावलेल्या छोट्या होड्यांना हा बदल थेट भिडतो, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले, की पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते.

कोकणातील वेळापत्रक पाहिले, तर युरोपातील हिवाळ्याची जागा येथे पावसाळा घेतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते. त्या सुमारास नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. वर्षातील सर्वांत दमट महिन्यांत इंधनाची टाकी निश्चल पडून राहते आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा समुद्रात उतरताना पहिल्याच फेरीत इंजिनावर पूर्ण भार पडतो. युरोपातील मालकाची नौका बंद पडली तर त्याची सुटी वाया जाते. कोकणातील नाखव्याची नौका खोल समुद्रात बंद पडली तर तांडेल आणि खलाशी यांचे जीव टांगणीला लागतात आणि हंगामाचा आरंभच बुडतो.

म्हणून डिझेलात जैवडिझेलाचे प्रमाण वाढवण्याचा निर्णय होईल, तेव्हा मच्छीमार संस्थांच्या पंपांचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. बंदीच्या आधीच्या महिन्यात या पंपांवर मिश्रणविरहित डिझेल पुरवणे, पंपांच्या भूमिगत टाक्यांतील पाण्याची नियमित तपासणी करणे आणि नौकांवर पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरसाठी अर्थसाहाय्य देणे, एवढ्या तीन गोष्टींनी पुढचे पुष्कळ नुकसान टळू शकते. परतावा वेळेवर मिळाला, तर मच्छीमारही गरजेपुरते ताजे डिझेल घेत राहील. हप्त्याहप्त्याने पैसे अडकण्याच्या भीतीने एकदाच टाकी भरून ठेवणार नाही.

बेल्जियमच्या धक्क्यावर बाटलीत काढलेले लाल डिझेल आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर पहिल्या फेरीसाठी भरले जाणारे डिझेल यांत अंतर मोठे आहे. दोन्हीकडे निर्णय घेणारा मात्र जमिनीवर बसलेला आहे आणि परिणाम भोगणारा पाण्यावर आहे. कराचा दर ठरवणाऱ्याने इंधन किती दिवस टाकीत राहील हे विचारावे आणि मिश्रणाचे प्रमाण ठरवणाऱ्याने ती टाकी कोणत्या ऋतूत उभी राहील हे पाहावे. ही दोन खाती एकमेकांशी बोलली, तर नौकामालकाला रंगाची आणि गाळाची दुहेरी धास्ती बाळगावी लागणार नाही.